पालकांच्या विनंतीवरून

आज २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. सरकारी कार्यालयांत प्रतिमेला हार पडतील, शाळांमधून प्रभातफेऱ्या निघतील, सामाजिक न्याय दिनाची भाषणे होतील. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झाले आहेत. विदर्भात तर घंटा नुकतीच वाजली आहे. वर्गशिक्षकांना हजेरीपटावरची नावे अजून पुरती पाठ झालेली नाहीत. शाहू महाराजांची आठवण काढायला याहून योग्य वेळ कोणती? प्रत्येक मुलाचे नाव या पटावर यावे आणि एकदा आले की ते टिकावे, यासाठी या राजाने आपली सत्ता कामाला लावली होती.

१९१७ मध्ये करवीर संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी कष्टकऱ्याच्या घरात रुपया ही मोठी रक्कम होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. दोन्ही हुकमांमागचा विचार एकच होता. मुलाची जागा शाळेत आहे, आणि ते शाळेबाहेर राहिले तर त्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागेल. जन्मदात्या बापालाही त्यातून सुटका नाही. आज शंभराहून अधिक वर्षांनी एक प्रश्न विचारावासा वाटतो. मुलाला शाळेबाहेर ठेवणारी जेव्हा शाळाच असते, तेव्हा जाब कुणी द्यायचा?

कागदोपत्री हा प्रश्न उद्भवतच नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आपल्या राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी नियमही बदलले. पण काढून टाकण्यावरची बंदी जशीच्या तशी राहिली. सतरावे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. कायदा वाचून कुणालाही वाटेल की महाराष्ट्रात शिस्तीपायी मुलाची शाळा सुटण्याची सोयच उरलेली नाही.

शाळा आतून पाहिलेल्या माणसाला मात्र काही वाक्ये तोंडपाठ असतात. ‘उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस.’ ‘याचा दाखला हातात देऊन टाका.’ ‘आमच्या शाळेत याचे जमायचे नाही, दुसरीकडे बघा.’ ही वाक्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलली जातात आणि त्यांची कुठेही नोंद होत नाही.

नोंद होते ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. हा कागद आपल्या सर्वांच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या फाइलमध्ये असतो. वर रजिस्टर नंबर, मग विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक. त्याखाली ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’. पुढे ‘शाळा सोडण्याचे कारण’. वर्तणुकीसमोर जवळजवळ नेहमी ‘चांगली’ असे लिहिलेले असते. पुढच्या शाळेत अडचण नको, हा लिहिणाऱ्या हाताचा मोठेपणाही असतो. आणि कारणासमोर लिहिलेले असते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. ज्या मुलाला वर्तणूक वाईट म्हणून घालवले, त्याच्या कागदावर वर्तणूक चांगली होती आणि तो आपल्या घरच्यांच्या इच्छेने गेला, अशी नोंद कायमची राहते. विनंती अर्जावर खाली आईची सही किंवा अंगठा असतो. तो अर्ज कुणी सांगून लिहून घेतला, हे अर्जावर नसते. त्यामुळे राज्यात दरवर्षी शिस्तीच्या कारणावरून किती मुलांची शाळा सुटते, याचा आकडा मिळत नाही. अशा मुलांसाठी रकानाच नाही.

दाखल्यापर्यंत न पोचणारी हकालपट्टी तर रोजची आहे. जुलैच्या झडीत गणवेशाचा एकच जोड असलेल्या मुलाचे कपडे रात्रीतून वाळत नाहीत. तो रंगीत सदरा घालून येतो आणि फाटकावरूनच परत जातो. केस वाढले म्हणून, बूट नाहीत म्हणून, वही पुरी नाही म्हणून, सहलीचे किंवा फीचे पैसे राहिले म्हणून मुले कधी वर्गाबाहेर, कधी फाटकाबाहेर उभी राहतात. कोरोनाच्या काळात फी थकली म्हणून ऑनलाइन वर्गातून नाव काढल्याच्या आणि दाखले घरी पाठवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. ‘पालकांना घेऊन ये’ हे वाक्य सुखवस्तू घरात एका फोनवर मिटते. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाईचा त्यापायी खाडा पडतो. ती सकाळी नऊ वाजता येते, कचेरीबाहेरच्या बाकावर बसते, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेलेले असतात, लेखनिक म्हणतो थांबा. शेजारी दप्तर पाठीवरून न उतरवता मुलगा उभा असतो. दुपारी दोन मिनिटांच्या भेटीत तिला चार माणसांसमोर ऐकून घ्यावे लागते. दुसऱ्यांदा बोलावणे आले की ती येत नाही, आणि मुलगाही येत नाही. महिनाभराने हजेरीपटावर त्याच्या नावासमोर सलग गैरहजेरी दिसते आणि सगळे म्हणतात, घरच्यांनाच शिक्षणाची आवड नाही.

आठवीपर्यंत कायद्याचे निदान नाव तरी घेता येते. नववीत तेही संपते. सहा ते चौदा वयोगटापुरता असलेला हा हक्क आठवीच्या निकालाबरोबर थांबतो, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर शाळेला ‘शंभर टक्के निकाल’ खुणावू लागतो. नववीत मागे पडलेल्या, गैरहजर राहणाऱ्या, उलट उत्तर देणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून सांगितले जाते की दहावीला हा नापास होईल, त्यापेक्षा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची वाट. ज्यांची शाळा खरोखर काही कारणाने सुटली, त्यांच्यासाठी ती मोलाची सोय आहे. कित्येक कामकरी बायका आणि माणसे तिच्यामुळे दहावी झाली. पण पंधरा वर्षांच्या मुलाला तिच्यावर ढकलणे म्हणजे ज्याला शिक्षकाची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच शिक्षक काढून घेणे. २०२५ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचे कौतुक करावे. मात्र हे टक्के परीक्षेला बसलेल्यांतून काढलेले असतात. नववीतून गेलेले मूल त्या हिशेबात ना उत्तीर्ण असते, ना अनुत्तीर्ण.

यातून नेमके काय हातचे जाते, हे शाहू महाराजांच्याच कोल्हापुरातल्या एका मुलाच्या उदाहरणावरून कळते. १९०८ मध्ये तिथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी त्या समारंभाला गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध झाल्याखेरीज आत यायचे नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. नियम मोडला म्हणून त्याला वसतिगृहातून काढून टाकले. अभ्यासात तो पहिल्या रांगेतला नव्हता, हूड म्हणून त्याची ख्याती होती, वसतिगृहाच्या शिस्तीच्या नजरेतून तो निव्वळ उपद्रव होता. महाराजांनी त्याला आपल्याकडे आसरा दिला. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवणारे वसतिगृह काढले, आणि पुढे ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पहिला शिकलेला माणूस त्यांच्या संस्थेने दिला. प्रत्येक काढून टाकलेल्या मुलात कर्मवीर असतो, असे म्हणण्याचा हा मोह नाही. त्याच्यात काय आहे हे काढून टाकणाऱ्याला त्या क्षणी कळत नसते, एवढेच ही हकीकत सांगते. आणि दुसरी गोष्ट अशी की, दार बंद झाल्यावर त्या मुलाला दुसरे दार उघडून देणारा माणूस भेटला. आज दाखला हातात घेऊन निघालेल्या बहुतेक मुलांना तो भेटत नाही.

शिस्तीचा बडगा सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्गात पाकीट हरवले की पहिली नजर पारध्याच्या पोराकडे जाते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, त्यांतल्या अनेकांची पोलीसपाटलापुढची रोजची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. संशय मात्र वर्गात शिल्लक आहे. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन एप्रिलमध्ये परतणारे मूल मागे पडलेले असते. ते लाजेपोटी गप्प तरी बसते किंवा दंगा तरी करते, आणि दोन्हींची शिक्षा त्यालाच मिळते. मुलींचे तर आणखी वेगळे. दप्तरात मोबाइल सापडला, कुणाची चिठ्ठी सापडली, की शाळा घरी कळवते आणि घर मुलीला घरी बसवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. ज्या समाजात हे प्रमाण आहे, तिथे नववीतल्या मुलीला ‘आठ दिवस येऊ नकोस’ असे सांगताना त्या आठ दिवसांत घरात काय ठरू शकते, याचा विचार शाळेने करायला हवा.

हे लिहिताना शिक्षकांवर खापर फोडायचे नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे, रोज भरायच्या ऑनलाइन माहितीचा तगादा, आणि समोर मोबाइलवर रात्री जागवलेली मुले. कुणी बाक तोडतो, कुणी लहान मुलांना रोज छळतो, एखादा शिक्षकाच्या अंगावर धावून येतो. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांत अल्पवयीन मुले दिसू लागली तेव्हा त्याच वस्त्यांतल्या शिक्षकांच्या पोटात काय गोळा आला असेल, याची कल्पना करता येते. कायद्याने छडी काढून घेतली, ते योग्यच केले. बालहक्क संरक्षण राष्ट्रीय आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा आपल्याला कोणतीही शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले फक्त नऊ निघाली. ती पद्धत मोडायलाच हवी होती. पण छडीच्या जागी शिक्षकाच्या हातात दुसरे काही दिले गेले नाही. बिथरलेल्या मुलाला शांत कसे करायचे, भांडण कसे सोडवायचे, हे त्याला कुणी शिकवले नाही. बहुतेक अनुदानित मराठी शाळांत पूर्णवेळ समुपदेशक नसतो. मग मारता येत नाही, ऐकत नाही, तर जाऊ दे याला, इथे शिक्षक येऊन पोचतो. दाखला देणे हा अनेकदा थकलेल्या माणसाचा निर्णय असतो.

हा रस्ता दूरवर चालून गेलेल्या एका देशाचा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये कायदा झाला की, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला निदान एक वर्षासाठी काढून टाकावे. हेतू समजण्यासारखा होता. पण ‘झीरो टॉलरन्स’ या नावाने तोच कडकपणा उलट बोलणे, वर्गात दंगा करणे, शिक्षकाचे न ऐकणे इथपर्यंत झिरपला. २०११ मध्ये टेक्सास राज्यातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ दहा लाख मुलांचा सातवीपासून बारावीपर्यंत माग काढला होता. दहातल्या सुमारे सहा मुलांना या काळात एकदा तरी निलंबित केले गेले किंवा काढून टाकले गेले होते. कायद्यानुसार करावीच लागेल अशी कारवाई त्यांत अवघी तीन टक्के होती. बाकी सगळी शाळेच्या मर्जीने झालेली. अशी मुले पुढे नापास होण्याचे, शाळा सोडण्याचे आणि बालगुन्हेगारीच्या यंत्रणेत सापडण्याचे प्रमाण जास्त निघाले. देशपातळीवरच्या सरकारी आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलांना निलंबित करण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे तिप्पट दिसले. संशय कुणावर आधी जातो, हा प्रश्न तिथेही आहे.

मग तिथे सुधारणा सुरू झाल्या. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये ‘मुद्दाम अवज्ञा’ या कारणावरून निलंबन करणे थांबवले. कॅलिफोर्निया राज्याने पुढच्या वर्षी लहान इयत्तांसाठी तसा कायदा केला आणि टप्प्याटप्प्याने तो बारावीपर्यंत नेला. पिट्सबर्गच्या शाळांत भांडण झाले की संबंधितांना समोरासमोर बसवून झालेले नुकसान भरून काढण्याची पद्धत दोन वर्षे राबवून तिची काटेकोर पाहणी झाली. २०१८ मध्ये आलेले निष्कर्ष प्रामाणिक होते. एकूण निलंबनाचे दिवस घटले, शाळेतले वातावरण सुधारले असे शिक्षकांनी सांगितले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण वाढले नाहीत, उलट घसरले. हा निष्कर्ष लपवण्याचे कारण नाही. नुसती बंदी घालून किंवा चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन काम भागत नाही, हे त्यातून कळते. मूल वर्गात राहिले पाहिजे आणि वर्गात शिकवणेही चालले पाहिजे. यासाठी माणसे लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो. तो खर्च टाळून सुधारणा करू म्हणणारे सरकार शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक परिपत्रक ठेवते, एवढेच.

आपल्याकडे वेगळी वाट कशी असेल? एखाद्या मुलाने बाक मोडला, तर तीन दिवस घरी बसवून त्याला काय कळणार? सुतार येईल तेव्हा त्याच्या हाताखाली थांबून तो बाक दुरुस्त करायला लावले, तर फळीला, खिळ्याला आणि मजुरीला किती पडले हे त्याला कळते आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर त्याला बसायचे असते. कुणी लहान मुलाला छळले, तर काय झाले, त्याला काय वाटले, आता ते भरून कसे काढणार, हे तीन प्रश्न त्याला शांतपणे, दोघांच्या विश्वासातल्या शिक्षकासमोर विचारले जावेत. ज्याला त्रास झाला त्याचे आधी ऐकावे. त्याची तयारी नसेल तर समोरासमोर बसवण्याचा आग्रह धरू नये, कारण मार खाणाऱ्या मुलाचा शाळेत निर्भयपणे येण्याचा हक्क इतर कुणाच्याही हक्काइतकाच खरा आहे. हत्यार, लैंगिक त्रास, गंभीर मारहाण अशा प्रसंगी मुलाला तत्काळ वेगळे करणे भागच असते आणि कायद्याने सांगितलेली तक्रार दाखल करणेही भागच असते. तिथे तडजोड नको. पण तेव्हाही त्याचे शिक्षण कुठे, कसे चालू राहील, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. असा मुलगा शाळेच्या यादीतून गेला तरी गावातून जात नाही. तो चौकात उभा राहतो, आणि तिथे त्याला बोलावून घेणारे बरेच असतात.

राज्यापुढे ठेवण्यासारख्या मागण्या अवघड नाहीत. पहिली, दाखल्यावरचे कारण खरे असावे. दाखला मागितल्यावर तो ताबडतोब देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. अडवणूक हा उपाय नव्हे. मात्र वर्षाच्या मध्यात, विशेषतः आठवी ते दहावीत, बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी महिनाभरात केंद्रप्रमुखांनी जावे, अर्ज कुणाच्या इच्छेने लिहिला हे पालकांना शाळेबाहेर विचारावे आणि मूल आता कुठे शिकते आहे याची नोंद करावी. शाळाबाह्य मुलांना शोधून आणणाऱ्या बालरक्षक शिक्षकांचे जाळे राज्यात आहेच. जे मूल गेल्यावर शोधायचे, त्याला जातानाच गाठले तर काम निम्मे होईल.

दुसरी, काढून टाकण्यावरची बंदी दहावीपर्यंत वाढवावी. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. केंद्राची वाट न पाहता राज्याला हा कायदा करता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरावर शंभर टक्के पटनोंदणीचे लक्ष्य ठेवले आहे. नववीच्या मुलाला दार दाखवण्याची मोकळीक ठेवून ते गाठता येणार नाही.

तिसरी, एका दिवसाहून अधिक काळ मुलाला वर्गाबाहेर ठेवायचे तर त्याचे लेखी कारण, मुलाचे म्हणणे आणि परत येण्याची तारीख नोंदवहीत असलीच पाहिजे, आणि ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे दर बैठकीत आली पाहिजे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कायदा सांगतो. सह्यांपुरते त्यांना बोलावण्याऐवजी हे काम त्यांच्या हाती द्यावे. गणवेश, केस, फी या कारणांसाठी फाटकावरून परत पाठवणे तर आजपासूनच बंद व्हावे. त्याला कुठल्या समितीची गरज नाही.

चौथी, एका केंद्रप्रमुखाकडे असलेल्या सर्व शाळांमिळून निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात वर्गातला तणाव हाताळण्याचे प्रात्यक्षिक शिक्षण यावे. पाठ घेण्याचा सराव आपण भावी शिक्षकांकडून करून घेतो. चिडलेल्या मुलाशी आणि घाबरलेल्या आईशी बोलण्याचा सरावही तसाच करून घेता येतो.

पाचवी, निकाल मोजण्याची रीत बदलावी. दोन वर्षांपूर्वी नववीच्या पटावर जितकी मुले होती, त्यांतली किती त्या शाळेतून किंवा रीतसर बदली घेतलेल्या शाळेतून दहावी झाली, हा आकडा शाळेच्या फलकावर लागावा. ज्या दिवशी तो आकडा कौतुकाचा होईल, त्या दिवशी मागे पडलेले मूल शाळेला ओझे वाटायचे थांबेल आणि त्याला दहावी पार करून देणारा शिक्षक शाळेचा सर्वांत मोलाचा माणूस ठरेल.

आणखी एक बदल सरकारच्या हातात नाही, तो आपल्या मनातला आहे. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ हे वाक्य स्नेहमेळाव्यांत हटकून ऐकू येते. बोलणारा मनापासून बोलत असतो, आणि त्याच्या शिक्षकांच्या कष्टांबद्दलची कृतज्ञता खरीच असते. पण स्नेहमेळाव्याला घडलेलेच येतात. त्याच वर्गातली जी मुले सहावीत, आठवीत, नववीत गळाली, त्यांचा नंबर कुणाकडे नसतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर त्यांची नावे नसतात, आणि शिस्तीने आपले काय केले हे सांगायला ती माईकपाशी येत नाहीत. शिस्त हवीच. वेळ पाळणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चूक केली तर ती निस्तरणे, हे ज्याला शाळेत शिकायला मिळाले नाही, त्याचे पुढे हाल होतात. पण या सगळ्या गोष्टी शाळेत राहूनच शिकायच्या असतात. ज्याला त्या येत नाहीत त्यालाच घालवून दिले, तर त्या शिकवायच्या कुणाला?

तेव्हा या वर्षी जयंतीच्या भाषणानंतर प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे, मागच्या तीन वर्षांत नववीतून गेलेल्या मुलांची यादी करावी आणि ती मुले आज कुठे आहेत, हे शोधायला दोन शिक्षक पाठवावेत. काही जण लांब गेले असतील, काहींची लग्ने झाली असतील, काही गॅरेजमध्ये भेटतील. त्यांतला एक जरी परत वर्गात बसायला तयार असेल, तर त्याला बसवावे, आणि शिक्षण विभागाने त्या शाळेच्या पाठीशी उभे राहावे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड करण्याचे धैर्य एका संस्थानिकाने दाखवले होते. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने निदान शाळांना सांगावे की, घेतलेले मूल सोडता येणार नाही, आणि ते सांभाळायला जे लागेल ते आम्ही देऊ.